बुंदी नांदते आहे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी मी तुमच्यातच सतरंजीवर बसून भाषण ऐकते. यंदा चिटणीसबाईंनी मला इकडे उभे केले आहे. मी सातवी झालेली बाई. साड्यांना फॉल-बिडिंग करून देणे आणि पाच माणसांचा स्वयंपाक, एवढेच माझे काम. व्याख्यान द्यावे असे ज्ञान माझ्यापाशी नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे कुत्री आल्यापासून निम्मी इमारत तुमच्याविषयी बोलते आहे. आता एकदा तुम्हीच बोला." म्हणून बोलते. काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या बुंदीला घरी येऊन आता आठ महिने झाले. ह्या आठ महिन्यांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, की "अहो, पैसे टाकले असते तर चांगले पिल्लू मिळाले असते. दुसऱ्याने टाकलेले कशाला आणलेत?"

भगिनींनो, हा 'टाकलेली' शब्द आपण बायकांनी फार ऐकलेला आहे. माझ्या माहेरी, वाईकडच्या खेड्यात, माझी एक चुलत आत्या अशीच परत आली होती. नवऱ्याने दुसरे लग्न केले आणि हिला माहेरी आणून सोडले. पुढे तीस वर्षे ती शेतात राबली, भावाची पोरे वाढवली. पण गावात तिची ओळख एकच, टाकलेली. ज्याने टाकले त्याला कोणी काही नाव ठेवले नाही. शब्द चिकटला तो हिला. कुत्र्याचेही तसेच होते. सोडलेले कुत्रे पाहिले की आपण म्हणतो, ह्याच्यात काहीतरी खोड असणार, नाहीतर कोण कशाला सोडील? खोड कोणाची, ते मात्र आपण पाहत नाही.

आता कुत्री टाकली का जातात ते सांगते. आपल्याकडे कुत्र्यांचीसुद्धा फॅशन येते. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' चित्रपट लागला, त्यातला पांढरा टफी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आपण त्याला पामेरियन म्हणत होतो. खरे तर तो इंडियन स्पिट्झ जातीचा. पुढे २००३ च्या सुमारास टेलिफोनच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग मुलाच्या मागेमागे चालू लागला, तेव्हा घरोघर पग हवा झाला. मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू येते. पिल्लू लहान तोवर सगळ्यांच्या मांडीवर. सहा-सात महिन्यांचे झाले की केस गळतात, बेल वाजली की ते भुंकते, चपला चावते. मग घरमालक कुरकुर करतो, मुलांच्या परीक्षा येतात, कोणाची बदली होते, आणि एके दिवशी गाडीतून नेऊन त्याला लांब सोडून येतात. लहान जातीच्या कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही. मोठ्या कुत्र्यांपुढे त्याचा निभाव लागत नाही आणि उकिरड्यावर अन्न शोधणे त्याला कोणी शिकवलेले नसते.

बुंदी कात्रजच्या बाजूला एका बंद टपरीच्या खांबाला बांधलेली सापडली. तीही स्पिट्झच, पांढरी, वजन चार किलोच्या आत. डॉक्टरांनी दात पाहून सांगितले की सात महिन्यांची असावी. कोणी बांधले, किती वेळ बांधले, ते कधी कळले नाही. तिथून तिला कोथरूडच्या एका ताईंनी घरी नेले. ह्या ताई असे सोडलेले जीव तात्पुरते स्वतःच्या घरी सांभाळतात आणि चांगले घर मिळाले की देतात. त्याला 'फॉस्टर' म्हणतात. मलाही हा शब्द नवीनच होता.

फॉस्टरच्या घरातून कुत्रे आणण्याचा मोठा फायदा काय, तर ते कसे आहे ते आधी कळते. पिंजऱ्यातले कुत्रे भीतीने एकतर भुंकत राहते, नाहीतर कोपऱ्यात अंग चोरून बसते. दुकानातले पिल्लू तर पुढे कसे निघेल ते विकणाराही सांगू शकत नाही. घरात राहिलेल्या कुत्र्याची कुकरच्या शिटीशी, मिक्सरशी, झाडूशी, पाव्हण्यारावळ्यांशी गाठ पडलेली असते. ताईंनी दोन महिन्यांत बुंदीची एक वहीच केली होती. त्यात लिहिले होते: मिक्सरला भिते. झाडू उगारला की मुतते. डाव्या कानाला हात लावू देत नाही. लहान मुले आवडतात, पण उचललेले आवडत नाही. रात्री एकदा उठून घरातली सगळी माणसे मोजून येते आणि मग झोपते. ती वही वाचताना मला वाटले, लेक सासरी देताना आईसुद्धा विहीणबाईंना एवढे सांगत नाही.

माझ्या मुलीने मोबाइलवर बुंदीचा फोटो पाहिला आणि दोन्ही मुलांनी हट्ट धरला. आम्हांला वाटले, जायचे आणि घेऊन यायचे. पण ताईंनीच आमची परीक्षा घेतली. दिवसभर घरी कोण असते? मुले उद्या कॉलेजात जाऊ लागली की हिला खाली कोण नेईल? दिवाळीला गावी गेलात तर हिची सोय काय? जागा भाड्याची की स्वतःची? आजारी पडली तर खर्च झेपेल का? आणि शेवटी विचारले, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? मुलगा पटकन 'हो' म्हणाला. मी मात्र सांगितले, "सासूबाईंची नाही." ताई म्हणाल्या, "मग आज नको. त्यांच्याशी बोला आणि मग या."

सासूबाईंचा विरोध हट्टाचा नव्हता. लहानपणी त्यांना गावच्या कुत्र्याने पोटरीला धरले होते. त्या काळची लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली असे आणि ती पोटात चौदा वेळा टोचत. ते दुखणे त्या सत्तर वर्षांत विसरल्या नाहीत. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता इंजेक्शने दंडावर देतात आणि थोडीच असतात. आमच्या डॉक्टरांनी त्यांना हे समजावले. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस आणि मग दरवर्षी एक दिली, तर घरच्या कुत्र्याचा धोका फार कमी होतो हेही सांगितले. तरी कोणत्याही कुत्र्याचा दात लागलाच, मग ते घरचे का असेना, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. भगिनींनो, माझ्या भाषणातले बाकी सारे विसरलात तरी एवढे लक्षात ठेवा.

सासूबाई शेवटी म्हणाल्या, "आणा. पण माझ्या अंगाला लागायला नको आणि देवघरात यायला नको." आम्ही तो शब्द पाळला. घर पाहायला ताई आल्या तेव्हा त्यांनी गॅलरीचे गज बोटांनी मोजले आणि म्हणाल्या, "ह्यातून ही सहज बाहेर जाईल." म्हणून जाळी बसवून घेतली. मग कागदावर सही केली, की हिला सांभाळणे झाले नाही तर परस्पर कोणाला देणार नाही, ताईंकडेच परत आणू, आणि हिची पिल्ले काढणार नाही. ताईंनी पैसे मागितले नाहीत. झालेल्या लशींचा खर्च तेवढा आम्ही होऊन दिला. निघताना त्यांनी तिच्या चटईचा तुकडा न धुता बरोबर दिला. म्हणाल्या, "वास ओळखीचा राहू दे." आणि आत निघून गेल्या.

आता घरी आणल्यावरचे सांगते. जाणकार लोक म्हणतात, पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घर समजण्याचे आणि तीन महिने आपलेसे होण्याचे. आमच्याकडे थोड्याफार फरकाने तसेच झाले. आल्याबरोबर ती माझ्या शिलाईच्या मशीनखाली शिरली आणि दीड दिवस बाहेर आली नाही. पाण्याला तेवढी रात्री उठली. शेजारची मुले पाहायला आली, त्यांना मी दारातूनच परत पाठवले. त्यांच्या आयांना राग आला असेल. पण नवी सून घरात आली की पहिल्या दिवशी सगळा गाव तिचे तोंड पाहायला येतो, तेव्हा तिला काय वाटते ते आपल्याला ठाऊक आहे. सुनेची आणि कुत्र्याची तुलना करते म्हणून कोणी रागावू नये. परक्या घरातली पहिली रात्र कोणाचीही सारखीच.

त्या मशीनवर मी आठ दिवस काम केले नाही. लग्नसराईच्या चार साड्या हाती घेतल्या होत्या, त्यांचे फॉल हाताने टाचून दिले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाली बसून टाके घालत होते, तेव्हा माझ्या पावलाला काहीतरी गार लागले. तिचे नाक होते. मी हलले नाही, बोलले नाही. थोड्या वेळाने ती पावलावर हनुवटी ठेवून झोपली.

तिचे नाव आम्ही बदलले नाही. मुलांनी पुष्कळ नावे काढली होती, पण ती 'बुंदी' म्हटले की कान टवकारते. माझे स्वतःचे नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवीन लिहिले गेले. हाक मारली की आपल्यालाच मारली आहे हे कळायला मला वर्ष लागले. तेव्हा मी म्हटले, हिचे जे आहे तेच राहू द्या.

शी-शूची शिकवण हा सगळ्यांचा नेहमीचा प्रश्न. युक्ती काही नाही, वेळ सांभाळायची. झोपून उठली की, खाल्ले की आणि खेळून झाले की लगेच खाली न्यायचे. बाहेर केले की तिथल्या तिथे शाबासकी आणि एखादा गाजराचा तुकडा. घरात झाले तर गुपचूप पुसून घ्यायचे. तासाभराने रागावून उपयोग नाही. आपण कशाबद्दल बोलतो ते तिला कळत नाही, आपल्याला भ्यायचे एवढेच ती शिकते. आमच्याकडे पाच आठवडे लागले. झाडू मात्र मी आजही तिच्यासमोर वर धरत नाही, आडवा धरून नेते.

खाण्याविषयी जरा सविस्तर सांगते, कारण चुका तिथेच होतात. गावी आमच्या दाराशी कुत्रे असे, त्याला शिळी भाकरी आणि ताक मिळे. बाकीचे ते गल्लीत मिळवी. घरात बांधलेल्या कुत्र्याला बाहेर काही मिळवता येत नाही. नुसत्या दूध-पोळीवर त्याचे पोषण होत नाही, आणि दूध पुष्कळ कुत्र्यांना पचतही नाही. आम्ही डॉक्टरांना विचारून मऊ भात, उकडलेले अंडे, लाल भोपळा, थोडे दही आणि दुकानातले कुत्र्यांचे कोरडे खाणे असे बसवले. अंड्याचे भांडे वेगळे, ते गॅलरीतच घासते, म्हणजे सासूबाईंचेही राहते.

कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे, बेदाणे आणि मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटही वर्ज्य. मोठ्या कुत्र्याला जेवढे चालून जाईल, तेवढे चार किलोच्या जिवाला बाधते. म्हणून शेजारणींना हात जोडून सांगणे आहे, की सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, भाजीच्या रश्शात कांदा-लसूण असतो, तेव्हा प्रेमाने तिला काही घालू नका. शिजवलेली हाडेही देऊ नयेत, ती फुटून आतड्यात टोचतात.

लहान जातीच्या आणखी दोन-चार गोष्टी. ह्यांची श्वासनळी नाजूक असते, म्हणून गळ्यातल्या पट्ट्याला दोरी न लावता छातीवरून जाणारा पट्टा घालावा. पलंगावरून उड्या मारू देऊ नयेत, गुडघ्याची वाटी सरकते. दुधाचे दात कधीकधी पडतच नाहीत आणि त्यांच्या शेजारी नवे येतात. बुंदीचे असे दोन सुळे डॉक्टरांनी काढले. अंगावर दाट केस असल्यामुळे उन्हाळ्यात पहाटे आणि दिवस मावळल्यावरच फिरवावे. रस्त्याला हाताची मागची बाजू लावून पाहावी. आपल्याला चटका बसला तर तिच्या तळव्यांनाही बसणार. फिरून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, गोचिडीमुळे वाईट ताप येतो.

तिची पिल्ले न होण्याची शस्त्रक्रियाही करून घेतली. माझा भिशीचा नंबर लागला, ते पैसे त्याला लावले. काही जणी म्हणाल्या, "एकदा तरी आई होऊ द्यायची होती." पण त्या चार-पाच पिल्लांना घरे कोण देणार? ती पुन्हा कुठल्यातरी टपरीलाच बांधली जाणार. शिवाय शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो.

आता आपल्या इमारतीतले जे बोलणे झाले त्याविषयी. तिसऱ्या महिन्यात आमच्याविरुद्ध सोसायटीकडे पत्र गेले, की कुत्रे भुंकते, ते काढून टाकावे. हे फार चिडले. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली पत्रक काढले आहे, की सोसायटीला पाळीव प्राणी ठेवण्यावर बंदी घालता येत नाही. ते पत्रक घेऊन हे भांडायलाच निघाले होते. मी म्हटले, आधी मी जाऊन येते. ज्यांनी पत्र लिहिले ते रात्रपाळीला जातात आणि दुपारी झोपतात. बेल वाजली की बुंदी भुंके आणि त्यांची झोप मोडे. त्यांचे काही चुकत नव्हते. आम्ही दुपारी बारा ते चार बेल बंद ठेवू लागलो. दारावर चिठ्ठी लावली, फोन करावा. बुंदीला शिकवले, की दार वाजले की चटईवर जायचे, तिथे खाऊ मिळतो. महापालिकेचा परवाना आणि लशींचे कार्ड चिटणिसांना दाखवून आले. तिची घाण कागदात उचलून मी स्वतः टाकते. पुढे त्या पत्राचे कोणी नाव काढले नाही. आपल्या बाजूने कायदा आहे म्हणून शेजाऱ्याची झोप मोडावी, असे थोडेच आहे?

कायद्यावरून आठवले. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून आपल्या देशात १९६० साली कायदा झाला, तो एका बाईच्या खटपटीमुळे. मद्रासच्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेवर गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ह्यासाठी विधेयक मांडले. १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. पाळलेला प्राणी उपाशीतापाशी सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र पन्नास रुपयांपर्यंतच ठेवला होता. एवढ्या दंडाला कोण भिणार? टाकणाऱ्याला लाज वाटेल ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच. म्हणून हा विषय मंडळात बोलण्यासारखा आहे असे मला वाटते.

सगळ्यांनी कुत्री पाळावीत असे मी म्हणत नाही. ज्या घरात दिवसभर कोणी नसते, जिथे सगळ्यांचे मन नाही, तिथे ते आणूच नये. पण घ्यायचे ठरलेच, तर आधी सोडलेल्यांत पाहावे. मुलांसाठी म्हणून आणू नये. मुले मोठी होऊन जातात, आणि लहान जातीची कुत्री बारा-पंधरा वर्षे जगतात. ते करणे शेवटी घरच्या बाईवरच येते, तेव्हा तिने स्वतः 'हो' म्हटले असेल तरच आणावे. ज्यांना कायमचे जमत नाही, त्यांना महिनाभर फॉस्टर होता येईल. तेही नाही, तर जुन्या चादरी आणि सतरंज्या कपाटात पडून असतात, त्या मी कोथरूडला पोचवीन.

सासूबाईंनी अजून बुंदीला हात लावलेला नाही. पण परवा मी मशीनवर होते, तर आतून हाक आली, "अगं, तिच्या वाटीतले पाणी संपले आहे." आणि रात्री बुंदी सगळ्यांना मोजायला उठते, तेव्हा देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून सासूबाईंच्या खाटेकडे पाहते आणि मग जागेवर येते. दोघींनी आपापली हद्द ठरवली आहे. ती टाकलेली आहे असे आता आमच्या घरात कोणी म्हणत नाही. ती आमच्याकडे नांदते आहे, आणि ती मशीनखाली असली म्हणजे मलाही दुपारी बरे वाटते.

 चादरी देणाऱ्यांनी कार्यक्रम झाल्यावर नाव सांगावे.